दादांचा मैल आणि लिंकनचा रस्ता

आईला पाट्या वाचायची सवय आहे. नाशिकला रिक्षात बसली की दुकानांची नावं एकामागून एक पुटपुटत जाते. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी माझ्याकडे आली तरी सवय तीच, फक्त इथे अक्षरं जुळवायला तिला वेळ लागतो. ओक ट्री रोडवरून भाजी आणि तुरीची डाळ घेऊन आम्ही घरी निघालो होतो. रूट 27 च्या सिग्नलला गाडी थांबली आणि तिनं समोरची हिरवी पाटी हळूहळू वाचली, "लिं-क-न हाय-वे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिंकन म्हणजे तोच ना गं, दाढीवाला?"

"तोच."

"मग हा रस्ता जातो कुठे?"

"प्रिन्स्टनला."

"आणि पुढे?"

पुढचं मला सांगता येईना. एकोणीस वर्षं मी त्या रस्त्यानं ये-जा करते आहे. दाताच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर, कुरिअरच्या पावतीवर हे नाव कितीदा लिहिलं असेल. आपल्याकडे गावोगावी महात्मा गांधी रोड असतो तसंच हे एक नाव, असं मी धरून चालले होते. त्या रात्री आई झोपल्यावर शोधायला बसले आणि उठले तेव्हा दीड वाजला होता. ज्या रस्त्यावरून मी कोथिंबीर आणायला जाते तो न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून निघून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत जाणारा, 1913 साली आखलेला, मोटारींसाठीचा अमेरिकेतला पहिला आडवा रस्ता होता. एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत, 3,389 मैल.

सकाळी चहा घेताना मी आईला सगळं सांगितलं. इंडियानापोलिसचा कार्ल फिशर नावाचा माणूस, मोटारीच्या दिव्यांच्या धंद्यात पैसा कमावलेला, तिथला शर्यतीचा ट्रॅक उभारणाऱ्यांपैकी एक. त्या काळी गावाची वेस ओलांडली की रस्ता संपायचा आणि चिखलातल्या चाकोऱ्या सुरू व्हायच्या. लोकांनी मोटारी घेतल्या होत्या, पण त्या न्यायच्या कुठे? 1912 साली फिशरनं मोटारवाल्या मंडळींना जेवायला बोलावून कल्पना मांडली की आपण म्हातारे व्हायच्या आत देशभर जाणारा एक खडीचा रस्ता करून टाकू. सामानासाठी एक कोटी डॉलर वर्गणीतून जमवायचे आणि मजुरी ज्या त्या भागातल्या लोकांनी घालायची. पुष्कळ जणांनी वर्गणी कबूल केली. हेन्री फोर्डनं मात्र नाही म्हटलं. खासगी पैशातून रस्ते होत गेले तर लोकांना सरकारी खर्चानं रस्ते करायची सवय कधीच लागणार नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे पॅकार्ड मोटार कंपनीच्या हेन्री जॉयनं लिंकनचं नाव सुचवलं, 1 जुलै 1913 रोजी संस्था स्थापन झाली आणि 31 ऑक्टोबरला रस्ता लिंकनला अर्पण झाला.

आईनं बशीत चहा ओतला. "तो फोर्ड बरोबर बोलला," ती म्हणाली. "बांधायला लोक हौसेनं देतात. राखायला कोण देतं?" आणि मग थोड्या वेळानं, "त्याचे दगड कुठेत?"

हा प्रश्न तिच्याच तोंडी यावा याला कारण आहे. माझे आजोबा, आईचे वडील, बांधकाम खात्यात मैलकुली होते. हा शब्द आता ऐकू येत नाही, म्हणून सांगते. मुकादमाच्या हाताखाली एकेका माणसाकडे रस्त्याचा एक ठरावीक तुकडा असायचा आणि तो तुकडा त्यानं बारा महिने सांभाळायचा. खड्डे पडले की खडी-मुरूम टाकून धुमसानं ठोकायचे, साईडपट्टी सारखी करायची, पावसाळ्याआधी मोऱ्यांतला गाळ काढायचा, झाडं पडली तर बाजूला ओढायची. आजोबांकडे नाशिक-पेठ रस्त्यावरचे दोन मैल होते. सावळ घाटाकडून येणारा पाऊस त्या भागात कसा कोसळतो ते ज्यानं पाहिलंय त्याला या दोन मैलांचं ओझं कळेल. घरात त्याला सगळे 'दादांचा मैल' म्हणत. शेत नव्हतं, मैल होता. आई लहान असताना दुपारची भाकरी घेऊन मैलावर जायची. दिवाळीच्या आधी दादा चुना भिजत घालायचे, त्यात थोडा डिंक टाकायचे म्हणजे पावडर हाताला लागत नाही, आणि मैलाचे दगड पांढरेशुभ्र करायचे. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. दगडावरचे काळे आकडे काढताना मात्र ते कुणाला बोलू द्यायचे नाहीत. पुढे मैल गेले, किलोमीटर आले, दगडही बदलले. दादा निवृत्तीपर्यंत मैलकुलीच राहिले.

त्यामुळे 3,389 मैल ऐकल्यावर आईला माणसं दिसली. दोन-दोन मैलांचा हिशेब केला तर किती दादा लागले असतील, हे तिनं बोटांवर मोजायचा प्रयत्न केला.

कोजागिरी झाल्यावरच्या शुक्रवारी आम्ही निघालो. सगळा रस्ता नव्हे, पेनसिल्व्हेनियाचे डोंगर चढून जमेल तितका. दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. मी फोनवरचा नकाशा लावला होता, पण तो दर फाट्याला आम्हाला मोठ्या हायवेकडे ओढत होता, म्हणून मेटाचनच्या पुढे तो बंद केला. आई म्हणाली, "मी वाचते की पाट्या."

पहिला दगड तासाभरातच भेटला, तोही आमच्या रस्त्याहून शंभर वर्षांनी थोरला. प्रिन्स्टनच्या अलीकडे किंग्स्टन गावात मिलस्टोन नदीवर 1798 साली बांधलेला दगडी पूल आहे. आता त्यावरून फक्त माणसं चालतात, पण एके काळी लिंकन हायवेची सगळी वाहतूक याच कमानींवरून जायची. पुलाच्या कठड्यात बसवलेल्या दगडावर अंतर कोरलेलं आहे, फिलाडेल्फिया 45 मैल, न्यूयॉर्क 50 मैल. आईनं आकड्यांच्या खाचेतून बोट फिरवलं. "कोरलेत. दरवर्षी रंगवायला नकोत," असं म्हणून ती गाडीत येऊन बसली.

फिलाडेल्फियाबद्दल काही लिहीत नाही. शहरात जुना रस्ता सिग्नलांखाली गाडला गेला आहे, आम्ही दीड तास नुसते पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसलो. शहर सुटलं आणि लँकेस्टर अॅव्हेन्यू लागला तेव्हा जरा मोकळं वाटलं. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा 62 मैलांचा तुकडा 1795 पासूनचा, अमेरिकेतला लांब पल्ल्याचा पहिला खडीचा पक्का रस्ता. एका कंपनीनं बांधलेला आणि टोल घेणारा. लिंकन हायवेवाल्यांनी बराच भाग असा आयताच घेतला होता. नवा रस्ता करण्याइतके पैसे त्यांच्याकडे कधीच जमले नाहीत. होते ते जुने रस्ते, टोलरस्ते, शेतवाटा त्यांनी एका नावाच्या दोऱ्यात ओवले. पश्चिमेकडे तर ओवायलाही काही नव्हतं. हेन्री जॉय ओमाहाला पोचला आणि पश्चिमेचा रस्ता कुठला म्हणून विचारलं, तेव्हा तिथला माणूस त्याला तारेच्या कुंपणापर्यंत घेऊन गेला. कुंपण खाली घ्या, गाडी न्या, पुढचं कुंपण आलं की तेही खाली घ्या. आणखी पुढे गेल्यावर कुंपणंही संपली, गवतातल्या दोन चाकोऱ्या तेवढ्या उरल्या.

लँकेस्टरच्या शेतांमधून जाताना मोटारी न चालवणाऱ्या आमिश पंथाचं एक कुटुंब घोडागाडीतून चाललं होतं. त्यांच्या मागे आम्ही हळूहळू गाडी चालवली. डाव्या हाताला मक्याची उभी वाळलेली शेतं. तिथे मी आईला या रस्त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगितली. वर्गणी पुरी पडेना, तेव्हा संस्थेनं शक्कल लढवली. मिळालेल्या सिमेंटमधून चिखलाच्या मुलखात मधेच एक मैल काँक्रीटचा करायचा. मागे चिखल, पुढे चिखल, मध्ये एक मैल गुळगुळीत. त्यावरून एकदा गाडी गेली की लोक आपणहून सरकारकडे बाकीचा रस्ता मागतील. असा पहिला मैल 1914 साली इलिनॉयमधल्या माल्टा गावाबाहेर झाला. या मैलांना त्यांनी नाव दिलं होतं रोपांचे मैल.

"तरवा," आई लगेच म्हणाली. भाताच्या रोपांच्या वाफ्याला तरवा म्हणतात. आधी छोट्या वाफ्यात दाट पेरायचं, मग उपटून साऱ्या शेतात लावायचं. "म्हणजे त्यांनी रस्त्याचा तरवा टाकला."

मी इतकं वाचलं होतं, पण त्या नावाचा अर्थ मला तेव्हा कळला.

सस्क्वेहाना नदी ओलांडताना दोघीही गप्प होतो. कोलंबिया आणि राइट्सव्हिल यांच्यामधला हा काँक्रीटचा कमानीपूल 1930 चा, लांबी एका मैलाच्या वर. पाणी उथळ आहे, खडक वर आलेले. शेजारी नदीत दगडी खांबांची एक रांग नुसतीच उभी आहे, डोक्यावर काही नसलेली. आधीच्या पुलांचे ते खांब. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथला लाकडी पूल 28 जून 1863 रोजी, दक्षिणेकडचं सैन्य नदी ओलांडून येऊ नये म्हणून, उत्तरेच्या सैनिकांनीच पेटवून दिला. तीन दिवसांनी पुढे गेटिसबर्गला लढाई जुंपली. आईनं विचारलं, "पूल जाळणाऱ्याला काय वाटलं असेल?" रस्ता राखणाऱ्यांच्या घरातली बाईच असा प्रश्न विचारू शकते.

नदीपलीकडे हेलमच्या टेकडीवर बूट दिसला.

खरोखरचा बूट. घोट्यापर्यंतचा, पुढून गोल, 25 फूट उंच आणि 48 फूट लांब. मेहलॉन हेन्स नावाच्या बूटविक्याची या भागात बरीच दुकानं होती. 1948 साली त्यानं आर्किटेक्टच्या हातात एक कामाचा बूट ठेवला आणि मला असं घर बांधून द्या म्हणून सांगितलं. लाकडाचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा. पंजात बैठकीची खोली, टाचेत स्वयंपाकघर, वर घोट्यात झोपायच्या खोल्या. खिडक्यांच्या रंगीत काचांमध्ये बूट. कुत्र्याचं घरसुद्धा बुटाचंच. जाहिरात तर ती होतीच, पण हेन्स त्या घरात काय करायचा ते मला जाहिरातीपेक्षा मोठं वाटतं. जवळपासच्या म्हाताऱ्या जोडप्यांना तो शनिवार-रविवार तिथे फुकट राहायला बोलवायचा. स्वयंपाकी, मोलकरीण, गाडी आणि ड्रायव्हर दिमतीला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची कामं केली त्यांनी दोन दिवस राजा-राणीसारखं राहावं. पुढे नव्या जोडप्यांनाही बोलावू लागला.

आई बराच वेळ टाचेकडे बघत होती. "टाच झिजलेली नाही," ती म्हणाली. दादांच्या पायात खात्यानं दिलेले बूट असायचे, त्यांची बाहेरची कड आधी झिजायची, कारण साईडपट्टी उतरती असते आणि माणूस आयुष्यभर त्या उतारावर चालतो. हे मला माहीतच नव्हतं. आणि या रस्त्याची 1916 सालची जी अधिकृत मार्गदर्शिका आहे, तिच्यात प्रवाशांना फावडं, कुऱ्हाड, साखळ्या घ्या, पाण्यातून गाडी घालण्याआधी स्वतः उतरून चालून बघा, असं सगळं सांगून झाल्यावर एक सल्ला आहे की नवे बूट घालू नका. आईच्या पायात मी आदल्याच आठवड्यात घेतलेले नवेकोरे स्पोर्ट्स शूज होते. संध्याकाळपर्यंत तिच्या करंगळीला फोड आला, आणि तिनं बॅगेतून नाशिकची चप्पल काढली.

रस्त्याकडेला असे बूट, किटल्या, जहाजं का उभी राहिली, याचा विचार मी त्या दिवसात पुष्कळ केला. आज मोठ्या हायवेवर आपण सत्तरच्या वेगानं जातो आणि फाट्यावरच्या निळ्या फलकावर ठरावीक हॉटेलांची चिन्हं असतात. त्या वेळचा मोटारवाला हळू जायचा, थकलेला असायचा, गाडीच्या इंजिनाला पाणी हवं असायचं, पोटात भूक असायची. त्याला लांबूनच कळायला हवं की इथे काय मिळेल. आणि पेनसिल्व्हेनियाच्या खाणी-कारखान्यांत तेव्हा किती देशांची माणसं आलेली होती, ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं! किटली दिसली की कॉफी, बूट दिसला की बूट. आईला एकाही ठिकाणी मला काही वाचून दाखवावं लागलं नाही. एडिसनमध्ये महिनाभर ती अक्षरं जुळवत होती. इथे ती माझ्या आधी ओळखत होती.

गेटिसबर्गला रात्री मुक्काम केला. त्या गावाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी वेगळं काय सांगू. रस्ता लिंकन स्क्वेअरमधूनच जातो. लिंकन ज्या घरात त्याच्या गाजलेल्या गेटिसबर्गच्या भाषणाच्या आदल्या रात्री उतरला होता ते घर त्या चौकातच आहे, एवढं आईला दाखवलं.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी, ऑरटाना गावाजवळ, हत्ती. मिस्टर एड यांचं हत्तींचं संग्रहालय. लग्नात भेट मिळालेल्या एका छोट्या हत्तीपासून सुरुवात झाली आणि आज 12,000 च्या वर हत्ती आहेत. काचेचे, लाकडाचे, दगडी, कापडी, चिनीमातीचे, नखाएवढे आणि माणसापेक्षा उंच. शेजारी गोळ्या-चॉकलेटचं दुकान आणि भाजलेले शेंगदाणे. 2010 साली इथे आग लागली, दोन हजारांच्या आसपास हत्ती गेले, आणि तरी काही महिन्यांत दार पुन्हा उघडलं. आई आत शिरताना दारातच थांबली आणि तिनं नकळत हात जोडले. मग कपाटांपुढून फिरताना ती प्रत्येकाची सोंड बघत होती. डावी की उजवी? तिथल्या बाईंनी आम्हाला आपणहून सांगितलं की सोंड वर असलेला हत्ती भाग्याचा. मी दोघींमध्ये भाषांतर करत होते. उजव्या सोंडेचं कडक असतं, त्याचं सोवळं पाळावं लागतं, हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, उजव्या सोंडेच्या देवाला फार वेळ द्यावा लागतो. बाईंना ते एकदम पटलं. त्या म्हणाल्या, इथली धूळ झटकायचीच तर एक फेरी पूर्ण होईपर्यंत पहिल्या हत्तीवर पुन्हा बसलेली असते. हे मी आईला मराठीत सांगितल्यावर आईनं त्या बाईंचा हात हातात घेतला.

त्यानंतर डोंगर. लाल-पिवळ्या झालेल्या झाडांमधून वळणं घेत रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. चढावर गाडीचा आवाज बदलला की आई पुढे सरकून बसायची, एसटीत बसावं तशी. 1919 च्या जुलैत अमेरिकन सैन्याचा मोटारींचा एक तांडा याच डोंगरांतून गेला. वॉशिंग्टनहून निघून गेटिसबर्गला ते या रस्त्याला लागले आणि 62 दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. वाटेत पूल मोडले, ट्रक रुतले. त्या तांड्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि 1956 साली त्यानं ज्या कायद्यावर सही केली त्यातून आजचे मोठे हायवे आले. ज्या रस्त्यानं त्याला रस्त्यांचं महत्त्व शिकवलं, त्याचीच गर्दी त्या कायद्यानं काढून घेतली.

आणि मग दगड. डोंगराच्या एका उतारावर, कुणाच्यातरी घरापुढच्या हिरवळीच्या कडेला. मी पुढे निघून गेले होते. आई ओरडली, "थांब, थांब, दगड!" पुढे जाऊन वळवून आणली गाडी. काँक्रीटचा चौकोनी खांब, आईच्या छातीला लागेल एवढा. वर लाल पट्टा, मध्ये पांढऱ्यावर निळा एल, खाली निळा पट्टा आणि एक बाण. त्याखाली लिंकनचा चेहरा असलेलं ब्राँझचं बिल्ल्याएवढं पदक, हा रस्ता अब्राहम लिंकनला अर्पण केला आहे, अशा शब्दांसह. 1926 साली सरकारनं रस्त्यांना नंबर दिले आणि या रस्त्याच्या मोठ्या भागाला 30 हा आकडा आला. नावं पुसली जाणार हे दिसत होतं. संस्थेचं कार्यालयही बंद झालं होतं. तरी जाता जाता त्यांनी हे एक काम केलं. 1 सप्टेंबर 1928 रोजी देशभरातल्या बॉय स्काउट मुलांनी एकाच दिवशी असे सुमारे 3,000 खांब न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पुरले. बारा-तेरा वर्षांची पोरं, हातात फावडी.

आई खाली बसली. आधी तिनं बुडाचं गवत बघितलं. "मशीन इथवर पोचत नाही. हे हातानं कापलंय." मग निळ्या रंगाचा एक ओघळ दाखवला, एलच्या टोकापासून निघून पांढऱ्यावर बोटभर आलेला आणि तिथेच वाळलेला. "हात सवयीचा नाही. पण घाई केलेली नाही, बसून रंगवलंय. उभ्यानं रंगवलं असतं तर खालच्या पट्ट्याची कड अशी सरळ आली नसती." तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवून पदकावरची धूळ पुसली. लिंकनच्या गालाचं हाड चमकलं. मी तिला सांगितलं की 1992 मध्ये या रस्त्याची संस्था लोकांनी पुन्हा सुरू केली, गावोगावचे सभासद असे खांब शोधतात, दुरुस्त करतात, पगार-बिगार काही नाही. तिनं मान हलवली, पण ती त्या ओघळाकडेच बघत होती. घराच्या खिडकीचा पडदा हलला, कुणीतरी हात केला. आम्हीही हात केला.

बेडफर्डला किटली पाहिली. 1927 साली एका पेट्रोल पंपाशेजारी उपाहारगृह म्हणून बांधलेली कॉफीची किटली, तोटी आणि दांड्यासकट, दोन मजली घराएवढी. रस्त्यावरची गर्दी आटली, किटलीचा बार झाला, मग तोही बंद पडला, छत गळू लागलं. पाडायची वेळ आली होती. तेव्हा या रस्त्याचा वारसा जपणाऱ्या स्थानिक संस्थेनं ती अख्खी उचलून रस्ता ओलांडून जत्रेच्या मैदानात नेऊन ठेवली आणि नीट केली. 2003-04 ची गोष्ट. "धरणात गाव जाताना देऊळ हलवतात, तसं," आई म्हणाली. आज तिथे कॉफी मिळत नाही. तिच्या सावलीत बसून आम्ही थर्मासमधला आल्याचा चहा घेतला आणि दशम्या खाल्ल्या.

शेवटचा थांबा जहाज होता, आणि जहाज आता नाही. बेडफर्डच्या पश्चिमेला रस्ता ॲलेगेनी डोंगराच्या कड्यावर येतो. तिथे हर्बर्ट पॉलसन नावाच्या, नेदरलँड्सहून आलेल्या माणसाचं हॉटेल होतं. दरीत भरलेलं धुकं त्याला समुद्रासारखं दिसायचं, असं सांगतात. 1932 साली त्यानं हॉटेलालाच जहाजाचा आकार दिला. डेक, कठडे, दुर्बिणी. तीन राज्यं आणि सात काउंट्या बघा, अशी पाटी. डोंगरकड्यावर, समुद्रापासून इतक्या दूर, नांगर टाकून उभं असलेलं जहाज. लोक घाट चढून तापलेल्या गाड्या थंड करायला थांबत आणि दुर्बिणीला डोळा लावत. 1 ऑक्टोबर 1940 रोजी पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोलचा मोठा हायवे सुरू झाला. डोंगर चढायचाच नाही, सात बोगद्यांतून आरपार. घाटातली गर्दी गेली. पुढे मालक बदलले, नावही बदललं, लाकूड कुजत राहिलं. 26 ऑक्टोबर 2001 च्या पहाटे ते जळून गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि धुकं अजून खालीच होतं. रस्त्याच्या कडेला थांबायला जागा आहे, पलीकडे दरी. पांढऱ्या धुक्यातून डोंगरांच्या माथ्यांच्या रांगा वर आलेल्या, एकामागे एक. मेरीलँड कुठलं आणि वेस्ट व्हर्जिनिया कुठलं ते मला ओळखता आलं नाही. आई चप्पल घालून उभी होती, हात पाठीमागे बांधून, दादा फोटोत उभे आहेत तशी.

"एवढं मोठं जहाज," ती म्हणाली, "आणि कुणालाच राखता आलं नाही."

मग तिला मामाला फोन लावून हवा होता. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले असतील, तो नुकताच जेवून उठला होता. आईनं फोन कानाला घट्ट धरला. वाऱ्यामुळे ती मोठ्यानं बोलत होती. बूट सांगितला, हत्ती सांगितले, सोंडेचं सांगितलं. मामानं काहीतरी विचारलं.

"हो, पाहिला ना. हात लावला त्याला," ती म्हणाली. "नाही रे, चुना नाही लावत हे लोक, ऑइलपेंट असतो. पण ताजा होता. याच वर्षीचा."

मामा पुढे काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आई बराच वेळ नुसती हुंकार देत ऐकत होती आणि पायाच्या अंगठ्यानं डांबराच्या कडेला आलेली खडी आत सारत होती.